रक्तातील लोह आणि बिंबाणूंचे कार्य : एका संशोधनपरंपरेची चिकित्सा

रक्ततपासणीचा छापील अहवाल हातात आला की सामान्य वाचकाची नजर प्रथम दोन ओळींवर जाते. एक हिमोग्लोबिनची, दुसरी प्लेटलेट्सची. समजा, चाळिशीतील एका स्त्रीच्या अहवालात हिमोग्लोबिन ७ ग्रॅम आणि प्लेटलेट्स ६ लाख असे आकडे आहेत. पहिल्यासमोर 'कमी' आणि दुसऱ्यासमोर 'जास्त' अशी खूण आहे. डेंग्यूच्या साथींनी आपल्याकडे प्लेटलेट्स 'उतरण्याची' एवढी धास्ती रुजवली आहे की, सहा लाख हा आकडा घरच्यांना दिलासाच वाटतो. एक गोष्ट कमी असली तरी दुसरी मुबलक आहे, असा हिशेब मनात मांडला जातो. प्रत्यक्षात या दोन्ही आकड्यांचे मूळ एकच असू शकते, आणि ते म्हणजे शरीरातील लोहाचा तुटवडा. शिवाय संख्येने मुबलक असलेल्या या प्लेटलेट्स आपले काम नीट करीत आहेत की नाही, याबद्दल तो सहा लाखांचा आकडा काहीही सांगत नाही.

लोहाच्या पातळीचा प्लेटलेट्सच्या, म्हणजेच बिंबाणूंच्या, कार्यावर काय परिणाम होतो, या प्रश्नावर गेल्या साठ वर्षांत जे संशोधन प्रसिद्ध झाले त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या संशोधनात उघड परस्परविरोध आहेत. लोह कमी पडले की बिंबाणू मंदावतात असे काही अभ्यास सांगतात, तर ते अधिक उत्तेजित होतात असे काही सांगतात. हा विरोध बराचसा रक्तातला नसून रक्त तपासण्याच्या रीतीतला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे पुढे येईल.

प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. गोव्याचा आकडा ३९ टक्के होता. या सर्वच स्त्रियांचा रक्तक्षय लोहाच्या अभावाचा नव्हे, याची चर्चा पुढे केली आहे. परंतु ज्यांचा तो आहे त्यांची संख्या मोठी आहे. यांपैकी कोणाची प्रसूती व्हावयाची असते, कोणावर शस्त्रक्रिया, तर कोणाला दर महिन्याला अतिरिक्त रक्तस्राव होत असतो. त्यांचे बिंबाणू कसे वागतात हे ठाऊक असणे निकडीचे आहे.

परिभाषेबद्दल एक शब्द. शालेय पाठ्यपुस्तकांत 'रक्तपट्टिका', कोशवाङ्मयात 'बिंबाणू' आणि बोलण्यात 'प्लेटलेट्स' असे तीन शब्द चालतात. वर्तमानपत्रांनी तिसरा स्वीकारला, कारण डेंग्यूचा रुग्ण तोच शब्द बोलतो. येथे 'बिंबाणू' योजिला आहे. तो आटोपशीर आहे एवढेच त्याचे समर्थन.

संख्येचा मोह

बिंबाणू ही पूर्ण पेशी नव्हे. अस्थिमज्जेत मेगॅकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात. त्यांच्यापासून सुटलेले, केंद्रक नसलेले, दोन-तीन मायक्रॉन व्यासाचे हे तुकडे होत. रक्तात ते सात ते दहा दिवस टिकतात. दर मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख ही त्यांची सर्वसाधारण संख्या मानली जाते. इटालियन शास्त्रज्ञ जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये त्यांचे स्वतंत्र अस्तित्व आणि जखमेवर गुठळी धरण्यातील त्यांचा वाटा स्पष्ट केला. १९१० मध्ये अमेरिकेतील विल्यम ड्यूक यांनी कानाच्या पाळीला छोटासा छेद देऊन रक्त किती वेळ वाहते ते मोजले. ज्यांचे बिंबाणू फार घटलेले होते त्यांचा हा 'रक्तस्रावकाल' लांबलेला होता आणि रक्त चढवल्यावर तो तात्पुरता आखूड झाला. संख्या आणि रक्त थांबणे यांची सांगड तेव्हा पक्की बसली. ती चुकीची नव्हती, पण अपुरी होती. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी ज्या विकाराचे वर्णन केले त्यात बिंबाणूंची संख्या पुरेशी असूनही ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि रुग्णाला वारंवार रक्तस्राव होतो. म्हणजे संख्या आणि कार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही दैनंदिन व्यवहारात संख्येचेच राज्य चालते, कारण यंत्र ती मिनिटभरात मोजून देते आणि कार्य मोजणे कष्टाचे असते.

लोहन्यूनतेत ही संख्या वाढते, हे निरीक्षण १९६० च्या दशकात ठळकपणे पुढे आले. १९६५ मध्ये श्लोसर आणि कॅस्पर प्रभृतींनी अशा रुग्णांतील वाढलेल्या बिंबाणूंची नोंद केली. परंतु त्याच्या आदल्या वर्षी ग्रॉस व सहकाऱ्यांनी लहान मुलांबाबत लिहिले होते की, लोहाची टंचाई तीव्र असेल तर बिंबाणू घटलेलेही आढळतात आणि लोह दिल्यावर ते वर चढतात. ही दुसरी नोंद पुढील लेखनात मागे पडली. 'लोह कमी, बिंबाणू जास्त' हे सूत्र सुटसुटीत असल्याने तेच पाठ्यपुस्तकांत गेले. सूत्र सुटसुटीत झाले की अपवादाची नोंद तळटिपेत जाते, आणि पुढच्या आवृत्तीत तळटीपही गळते.

ही वाढ का होते, याचे जे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले गेले ते चिकित्सेच्या दृष्टीने बोधक आहे. रक्तक्षय झाला की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन अधिक स्रवते. बिंबाणूंच्या निर्मितीला चालना देणारे थ्रॉम्बोपोएटिन रचनेने त्याच्याशी काहीसे मिळतेजुळते आहे. तेव्हा एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत असावी, असा तर्क झाला. तर्क देखणा होता, पण एरिथ्रोपोएटिन दुसऱ्याच्या ग्राहकाला मुळी बांधलेच जात नाही असे प्रयोगांत दिसले. २००० मध्ये तुर्कस्तानातील आकान प्रभृतींनी लोहन्यूनतेच्या रुग्णांतील संबंधित स्रावद्रव्ये मोजली. बिंबाणूंच्या वाढीचा उलगडा थ्रॉम्बोपोएटिनने होत नाही असे त्यांना आढळले. २०१४ मध्ये एव्हस्टाटिएव्ह व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत हा बदल थ्रॉम्बोपोएटिनवर अवलंबून नसल्याचे दाखवले. २०१९ मध्ये 'ब्लड' या नियतकालिकात झेवियर-फेरुसिओ, क्राउझ आणि सहकाऱ्यांचा जो शोधनिबंध आला त्याने उत्तराची जागाच बदलली. अस्थिमज्जेत अशी एक पूर्वज पेशी असते की तिच्यापुढे दोन वाटा असतात: तांबडी पेशी होणे किंवा मेगॅकॅरिओसाइट होणे. लोहाची चणचण असेल तर ही पेशी दुसऱ्या वाटेकडे अधिक झुकते. हिमोग्लोबिनसाठी लोह लागते. ते नसेल तर जिला लोह कमी लागते ती वाट चालू राहते.

या उलगड्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सहा लाख बिंबाणू हे शरीराच्या सुबत्तेचे चिन्ह नसून, कच्चा माल संपल्यामुळे कारखान्याने दुसरेच उत्पादन वाढवल्याचे चिन्ह आहे. तांबड्या पेशी व्हावयाच्या त्या झाल्या नाहीत, हा त्याचा अर्थ. तरीही जुना तर्क आजही अनेक टाचणवह्यांत आणि परीक्षेच्या उत्तरांत जिवंत आहे.

कार्य कशात मोजायचे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. योगायोग असा की, बिंबाणूंच्या कार्याच्या अभ्यासाच्या दोन परंपरा जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या, आणि दोघींचा उगम एकाच रेणूशी जुळतो.

नॉर्वेत ए. जे. हेलेम यांच्या लक्षात आले होते की, तांबड्या पेशींमधील काही एका द्रव्यामुळे बिंबाणू अधिक चिकट होतात. १९६१ मध्ये गार्डर, हेलेम, ओव्रेन प्रभृतींनी 'नेचर'मध्ये ते द्रव्य ॲडिनोसिन डायफॉस्फेट असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी हेलेम, बोर्कग्रेव्हिंक आणि एम्स यांनी दाखवून दिले की, रक्तक्षयाच्या रुग्णांचा रक्तस्रावकाल तांबड्या पेशींच्या प्रमाणाशी निगडित आहे. त्यांच्या दृष्टीने बिंबाणू एकटा काम करीत नव्हता; तांबडी पेशी त्याची सहकारी होती.

दुसरी परंपरा लंडनच्या गुस्ताव बोर्न यांची. (त्यांचे वडील भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांनी १९३५-३६ च्या हिवाळ्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या निमंत्रणावरून काही महिने काढले होते, विषयाशी याचा संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) बोर्न यांनी १९६२ मध्ये बिंबाणूंच्या एकत्रीकरणाचे मापन सोपे केले. रक्त फिरवून तांबड्या पेशी तळाशी बसवायच्या, वरचा बिंबाणूयुक्त रक्तद्रव घ्यायचा, त्यातून प्रकाश सोडायचा आणि ॲडिनोसिन डायफॉस्फेटसारखे उत्तेजक घालायचे. बिंबाणू एकमेकांना धरू लागले की गढूळ द्रव निवळतो आणि प्रकाश अधिक पार जातो. ही पद्धत इतकी नेमकी होती की ती जगभरच्या प्रयोगशाळांत प्रमाण झाली, आणि आजही आहे.

परंतु या पद्धतीने नेमके काय बाजूला काढले? तांबड्या पेशी. शरीरातील सुमारे दोन-तृतीयांश लोह ज्यांच्यात असते आणि लोहन्यूनतेने ज्यांचे प्रथम आणि सर्वाधिक नुकसान होते, त्याच पेशी तपासणीच्या पहिल्या पायरीवर नळीच्या तळाशी जातात. मग उरलेल्या द्रवाला विचारायचे की लोहाचा बिंबाणूंवर काय परिणाम झाला! स्वयंपाकघरातून चूल बाहेर काढून भाकरी का भाजत नाही असे विचारण्यासारखे हे आहे. बोर्न यांचा यात दोष नाही. त्यांना बिंबाणूंचा अंगभूत स्वभाव पाहावयाचा होता. दोष आहे तो या पद्धतीचे उत्तर संपूर्ण रक्ताचे उत्तर म्हणून वाचणाऱ्यांचा.

तांबड्या पेशींचा वाटा केवळ रासायनिक नाही. वाहत्या रक्तात त्या नळीच्या मध्यभागाने दाटीने जातात आणि आकाराने लहान असलेले बिंबाणू कडेला, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीकडे, रेटले जातात. वारीच्या वाटेवर दिंड्या मधून चालतात आणि सुट्या माणसांना रस्त्याच्या कडेने जावे लागते, तसाच हा प्रकार. जखम भिंतीलाच होते. तेव्हा बिंबाणू भिंतीजवळ असणे ही रक्त थांबण्याची पूर्वअट होय. टुरिटो आणि वाइस यांनी १९८० मध्ये 'सायन्स'मधील निबंधात तांबड्या पेशींची ही दुहेरी भूमिका, भौतिक आणि रासायनिक, मांडली. १९८२ मध्ये लिव्हिओ, रेमुझ्झी आदी इटालियन संशोधकांनी मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना तांबड्या पेशी चढवल्या तेव्हा त्यांचा लांबलेला रक्तस्रावकाल सुधारला. २००१ मध्ये व्हॅलेरी व सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या शरीरातून तांबड्या पेशी काढून घेतल्या. तांबड्या पेशींचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी उतरले आणि रक्तस्रावकाल सुमारे ६० टक्क्यांनी वाढला. बिंबाणू तेच होते; त्यांना भिंतीकडे ढकलणारी गर्दी विरळ झाली होती.

येथे एक आक्षेप घेतलाच पाहिजे, आणि तो या लेखाला सोयीचा नाही. रक्तस्रावकाल हे मोजमाप स्वतःच डळमळीत आहे. छेदाची खोली, त्वचेचे तापमान, करणाऱ्याचा हात, यांवर ते बदलते. १९९० मध्ये रॉजर्स आणि लेव्हिन यांनी उपलब्ध पुराव्याची छाननी करून, शस्त्रक्रियेत रक्त किती जाईल हे या चाचणीवरून सांगता येत नाही असा निर्वाळा दिला, आणि पुढे बहुतेक ठिकाणी ती मागे पडली. म्हणून १९६१ पासूनच्या निष्कर्षांना 'रक्तक्षयात रक्तस्राव वाढतोच' असे रूप देता येत नाही. मात्र दिशा तीच दाखवणारे पुरावे वेगवेगळ्या मार्गांनी आले आहेत. रक्तस्रावकाल वगळून केवळ प्रवाहकक्षातील प्रयोग घेतले तरी तांबड्या पेशी कमी झाल्यावर भिंतीवर बसणारे बिंबाणू कमी होतात. तेवढे मान्य करण्यास हरकत नसावी.

आता बिंबाणूंच्या अंतरंगाकडे. त्यांच्यात थ्रॉम्बॉक्सेन तयार करणाऱ्या साखळीतील सायक्लोऑक्सिजनेज हे एंझाइम हीमयुक्त, म्हणजे लोहधारी आहे. ॲस्पिरिन याच एंझाइमला निकामी करते. तेव्हा लोह कमी झाले तर ही साखळी दुबळी होऊन बिंबाणू मंदावतील, असे अनुमान सहज सुचते. १९९९ मध्ये तुर्कस्तानातील चलिश्कान व सहकाऱ्यांना लोहन्यूनताजन्य रक्तक्षयाच्या रुग्णांत बिंबाणूंचे एकत्रीकरण प्रत्यक्षात मंद आढळले. पण अनुमान आणि निरीक्षण एकाच दिशेला बोट दाखवतात म्हणून अनुमानच निरीक्षणाचे कारण ठरत नाही. मंदपणा त्या एंझाइममुळे आला की अन्य कशामुळे, हे त्या एंझाइमची क्रिया मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

याच्या नेमकी विरुद्ध नोंद तोवर दोन दशके ग्रंथालयात पडून होती. १९७० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये यूडिम, वुड्स, शीला कॅलेंडर आदी मंडळी बिंबाणूंमधील मोनोअमाइन ऑक्सिडेज या एंझाइमचा अभ्यास करीत होती. लोहन्यूनतेच्या रुग्णांत त्याची क्रिया घटलेली असते असे त्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. सेरोटोनिनचे विघटन करणारे हे एंझाइम. बिंबाणू सेरोटोनिन स्वतः बनवीत नाहीत. आतड्यात तयार झालेले ते रक्तद्रवातून उचलून साठवतात. विघटन मंदावले तर सेरोटोनिनला मिळणारा प्रतिसाद बदलणे संभवते. या गटाच्या १९७७ मधील पुढच्या लेखनात बिंबाणूंच्या कार्याचाही विचार होता. त्यानंतर हा धागा जवळजवळ तुटला. तो पुन्हा उचलला लंडनच्या क्लेअर शोव्हलिन यांनी. त्यांच्या गटाने २०१४ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये लिहिले की, लोहन्यूनतेत सेरोटोनिनला बिंबाणूंचा प्रतिसाद जोमदार असतो आणि लोहोपचारानंतर तो पूर्वपदावर येतो. ही माहिती पूर्वीच उपलब्ध असूनही दुर्लक्षित राहिल्याचे त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदवले. मधली सदतीस वर्षे हे दुर्लक्ष का झाले असावे? सेरोटोनिन हे नेहमीच्या तपासणीतील उत्तेजक नव्हे, हे एक कारण दिसते. ज्या उत्तेजकाची बाटली प्रयोगशाळेच्या फळीवर नसते, त्याचा प्रश्नही विचारला जात नाही.

मंद आणि जोमदार या दोन नोंदी अशा रीतीने शेजारी ठेवल्या म्हणजे विरोध निवळू लागतो. बिंबाणू हा एकच कळ असलेला दिवा नाही. त्याच्या पृष्ठभागावर अनेक ग्राहक आहेत आणि त्यांतील प्रत्येकाची आतली वाट वेगळी. एका वाटेवर लोहाअभावी अडथळा आणि दुसरीवर लोहाअभावीच मोकळीक, हे एकाच वेळी खरे असू शकते. 'लोहन्यूनतेत बिंबाणूंचे कार्य घटते' किंवा 'वाढते' ही दोन्ही विधाने, कोणते उत्तेजक आणि कोणती पद्धत हे सांगितल्याशिवाय, अपुरी आहेत.

बिंबाणूला केंद्रक नसते, यातूनही एक निकष मिळतो आणि अनेक अभ्यास त्यावर उतरत नाहीत. जन्मतः जी एंझाइमे मेगॅकॅरिओसाइटकडून मिळाली त्यांवरच त्याचे आठ-दहा दिवसांचे आयुष्य मुख्यतः चालते. म्हणजे आज रक्तात असलेला बिंबाणू गेल्या आठवड्यातील अस्थिमज्जेच्या लोहस्थितीची साक्ष देतो. १९९९ मध्ये प्राटिको आदींनी 'सर्क्युलेशन'मध्ये दाखवले की, लोहामुळे हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होऊन बिंबाणू सक्रिय होतात. प्रयोग महत्त्वाचा आहे, पण तो तयार बिंबाणूंना बाहेरून लोह भेटले तर काय होते, याचा आहे. मज्जेत लोह नसताना घडलेले बिंबाणू कसे असतात, याचा नाही. पुढील लेखनात हे दोन प्रश्न सर्रास एका वाक्यात जोडले जातात. लोहाच्या अतिरेकाचे नेहमीचे उदाहरण म्हणून दिला जाणारा थॅलॅसिमियाही तसाच गुंतागुंतीचा आहे. तेथे बिंबाणू सक्रिय असतात हे खरे. परंतु एल्डोर आणि राख्मिलेविट्झ यांनी २००२ मधील आढाव्यात दाखवल्याप्रमाणे विकृत तांबड्या पेशींचा उघडा पडलेला पृष्ठभागच गुठळीला निमंत्रण देतो. सारे खापर साठलेल्या लोहावर फोडता येत नाही.

बाणाची दिशा

लोहन्यूनतेत रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो काय, हा या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न. मॅग्वायर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'पीडिॲट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध केलेला कॅनडातील अभ्यास वारंवार उद्धृत होतो. पक्षाघात झालेल्या, एरवी निरोगी, लहान मुलांपैकी ५३ टक्के मुलांत लोहन्यूनताजन्य रक्तक्षय होता. तुलनेच्या गटात ९ टक्के. फरक धक्कादायक आहे. पण पक्षाघाताची मुले होती केवळ १५ आणि तुलनेची १४३. शोव्हलिन यांच्या अभ्यासात सुमारे पाचशे रुग्ण होते, आणि रक्तद्रवातील लोह दर लिटरला ६ मायक्रोमोल एवढे उतरलेल्यांत पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट दिसला. मात्र या रुग्णांच्या फुप्फुसांत रोहिणी व नीला यांना थेट जोडणाऱ्या विकृत वाहिन्या होत्या. एरवी फुप्फुसाच्या जाळीत अडकणारी बारीक गुठळी त्यांच्यात सरळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. अशा रुग्णांवरून साताऱ्यातील किंवा मडगावातील एखाद्या रक्तक्षयी गृहिणीच्या धोक्याचे गणित मांडता येणार नाही. दाहक आंत्रविकाराच्या रुग्णांवर कुल्निग-डाब्श प्रभृतींनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली छोटी नियंत्रित चाचणी या बाबतीत अधिक विश्वसनीय वाटते, कारण तीत लोह देऊन पाहिले होते. शिरेतून लोह दिलेल्या गटात बिंबाणूंची चढलेली संख्या उतरली आणि त्यांच्या सक्रियतेच्या खुणाही ओसरल्या.

आणि बाण उलट्या दिशेनेही चालतो. लोह कमी म्हणून बिंबाणू बिघडले, असे आपण येथवर गृहीत धरले. बिंबाणू जन्मतः बिघडलेले, म्हणून मासिक पाळीत अतिरिक्त रक्तस्राव, म्हणून लोह कमी, ही साखळी तितकीच संभाव्य आहे. ग्लान्झमानचा विकार नात्यात विवाह होणाऱ्या समाजांत तुलनेने अधिक आढळतो. मामे-आते भावंडांच्या विवाहाची रूढी असलेल्या आपल्या प्रदेशाला हे दूरचे नाही. बिंबाणूंचे सौम्य दोष आणि फॉन विलब्रांड विकार यांचा पहिला आविष्कार अनेकदा वयात येणाऱ्या मुलीच्या लांबलेल्या पाळीतच होतो. अशा मुलीच्या रक्तातील मंद एकत्रीकरण लोहन्यूनतेचा परिणाम म्हणून नोंदवले गेले, तर कारणाला कार्य समजण्याची चूक होते. चलिश्कान यांच्यासारख्या अभ्यासांत लोहोपचारानंतर पुन्हा मापन करणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते. लोह भरून आल्यावरही दोष कायम राहिला तर तो आधीचा.

१९२८ नंतर लूसी विल्स या इंग्रज संशोधिकेने मुंबईत गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला, तेव्हा तो लोहाने बरा होणारा नव्हता. यीस्टच्या अर्काने तो बरा झाला, आणि त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. फॉलिक आम्ल किंवा ब-१२ यांच्या तीव्र अभावात बिंबाणू घटतात. लोहाच्या अभावात बहुधा वाढतात. हिमोग्लोबिन मात्र दोन्हींकडे उतरलेलेच असते. एकाच स्त्रीत दोन्ही अभाव असतील, आणि आपल्याकडे ते असतातच, तर बिंबाणूंची संख्या अगदी 'सर्वसाधारण' येऊन दोन्ही अभाव झाकले जाऊ शकतात.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी प्रौढ स्त्रियांसाठी ठरवली गेली. गोळी योग्य आहे. प्रश्न तिच्या आधीच्या चौकशीचा आहे. हिमोग्लोबिन मोजून गोळी देणाऱ्या यंत्रणेत नाकातून वारंवार रक्त येते काय, दात काढल्यावर रक्त थांबायला किती वेळ लागला, आईला किंवा मावशीला असाच त्रास होता काय, हे तीन प्रश्न आशा कार्यकर्तीला विचारता येण्याजोगे आहेत. त्यांना यंत्र लागत नाही. होकारार्थी उत्तर आलेल्या मुलीला रक्तरोगतज्ज्ञाकडे पाठवता येते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा विकारांवर काम चालते. हे प्रश्न न विचारता वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन थोडे वर चढते, पुन्हा उतरते, आणि 'गोळ्या नियमित घेत नाही' असा ठपका तिच्यावरच येतो.

संख्येच्या मोहाची दुसरी बाजू डेंग्यूत दिसते. बिंबाणू २० हजार किंवा त्याहून कमी झालेल्या, पण विशेष रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांना प्रतिबंधक म्हणून बिंबाणू चढवून रक्तस्राव टळत नाही, असे लाय व सहकाऱ्यांनी सिंगापूर व मलेशियातील नियंत्रित चाचणीतून २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवले. तरीही आपल्या शहरांत बिंबाणूंच्या पिशव्यांसाठी रात्रीअपरात्री धावाधाव होते.

आरंभीच्या अहवालातील स्त्रीकडे परत येऊ. सहा लाख हा आकडा पाहून रक्त 'पातळ' करण्यासाठी तिला ॲस्पिरिन देण्याचा मोह काही ठिकाणी होतो. तिची पाळी अतिरिक्त असेल तर हे औषध रक्तस्राव वाढवील आणि लोह आणखी उतरवील. प्रथम फेरिटिन तपासावे, ते कमी असेल तर लोह द्यावे, रक्त कोठून जाते ते शोधावे आणि काही आठवड्यांनी बिंबाणू पुन्हा मोजावेत. लोह भरून आल्यावर बहुधा संख्या आपोआप उतरते. उतरली नाही तर मज्जेच्या मूळ विकाराचा संशय घेऊन २००५ पासून ज्ञात असलेल्या जॅक-२ या जनुकीय बदलाची तपासणी करावी. संशोधनाच्या बाजूने पाहता, ज्या अभ्यासाची उणीव सर्वाधिक जाणवते तो फार खर्चिकही नाही. त्याच स्त्रिया, लोहोपचारापूर्वी आणि नंतर. तांबड्या पेशी न काढता संपूर्ण रक्त वाहत्या स्थितीत तपासलेले. उत्तेजकांत सेरोटोनिनचा समावेश. आणि प्रत्येकीच्या रक्तस्रावाचा इतिहास आधी लिहून घेतलेला. लोहन्यूनतेच्या रुग्ण ज्या बाह्यरुग्ण विभागांत रोज रांगेने उभ्या असतात, ते आपल्याच जिल्ह्यांत आहेत.